नैवेद्याची हाडे आणि प्रभूचा मेज

शास्त्रपाठ : १ करिंथ ८:१-१३, १०:१४-३३, ११:१७-३४

गणपतीचे दिवस होते. संडे स्कूलचा वर्ग संपत आला असता नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, शेजारच्या काकू मोदक देतात. तो प्रसादाचा असतो. तो खाल्ला तर पाप लागतं का?" मी ताबडतोब उत्तर दिले, "खायचा नाही." पण ती खाली बसली नाही. "मग काकूंना काय सांगू? मी आजारी होते तेव्हा त्यांनीच मला पेज करून दिली होती." तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. मुलगी मात्र सुटली नव्हती.

त्या रात्री मी करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र पुन्हा उघडले. प्रेषित पौलाला हाच प्रश्न विचारण्यात आला होता, आणि त्याने एका शब्दात उत्तर दिले नव्हते. आठव्या अध्यायापासून दहाव्याच्या अखेरीपर्यंत तो ह्या प्रश्नाभोवती फिरतो. इतके का लिहावे लागले? ह्याचे उत्तर मला ग्रीस देशात जमिनीखालून निघालेल्या हाडांत, ओट्यांत आणि मडक्यांत सापडले. ते आपल्या शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

१. वेदीवर काय जळत असे?

ग्रीक लोकांच्या उपासनेत वेदी मुख्य होती. मंदिर हे मूर्तीचे घर. यज्ञ होई तो बाहेर, उघड्या आकाशाखालच्या वेदीवर. लुस्त्र येथे पौल व बर्णबा ह्यांच्यापुढे बैल आणि फुलांच्या माळा आणल्या गेल्या (प्रे. कृत्ये १४), तो प्रसंग डोळ्यांपुढे आणावा.

देवाच्या वाट्याला काय जाई, हे होमरच्या महाकाव्यांत सांगितलेले आहे : मांडीची हाडे चरबीत गुंडाळून जाळीत आणि मांस माणसे खात. हे केवळ कवीचे वर्णन असेल अशी शंका घेता आली असती. पण आर्केडिया प्रांतात लुकायोन नावाचा डोंगर आहे. त्याच्या शिखरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १३८० मीटर उंचीवर, झ्यूस देवाची वेदी होती. ती दगडांनी बांधलेली नव्हती. शेकडो वर्षांच्या यज्ञांची राख साचून तयार झालेला तो ढीगच वेदी होता. इ. स. २००७ पासून ग्रीक व अमेरिकन अभ्यासकांनी तेथे उत्खनन केले. राखेतली बहुतेक सर्व हाडे शेळ्यामेंढ्यांची निघाली; आणि तीही सर्व अवयवांची नव्हेत, तर मुख्यतः मांडीची हाडे, गुडघ्याच्या वाट्या आणि शेपटीचे मणके. अथेन्सच्या (पवित्र शास्त्रातल्या अथेनै नगराच्या) बाजारचौकाजवळ आफ्रोदिती देवीच्या वेदीपाशीही जळलेली हाडे मिळाली आहेत.

शेपटीची गोष्ट मोठी मौजेची आहे. ग्रीक रंगीत भांड्यांवरील चित्रांत वेदीच्या ज्वाळांतून काहीतरी वर वळलेले दिसते. ते काय असावे, हे पुष्कळ दिवस कोडे होते. शेवटी काही संशोधकांनी बैलाची शेपटी विस्तवावर ठेवून पाहिली. उष्णतेने ती आकसली आणि चित्रात दिसते तशीच वर वळून उभी राहिली. शेपटी अशी वळली म्हणजे देवाने यज्ञ स्वीकारला, असे उपासक समजत.

आता हिशेब पाहा. देवाला हाड, चरबी आणि धूर. आतडीकाळीज सळईवर भाजून वेदीजवळचे लोक प्रथम खात. उरलेले मांस शिजवून वाटले जाई. म्हणजे यज्ञ वेदीवर सुरू होत असला तरी तो पुरा होई पंक्तीत.

२. जेथे यज्ञ, तेथे पंक्ती

करिंथ नगरात अथेन्स येथील अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज ह्या संस्थेने इ. स. १८९६ मध्ये उत्खनन सुरू केले, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. नगराच्या पाठीशी अक्रोकरिंथ हा उंच डोंगर आहे. त्याच्या उत्तर उतारावर दिमितर ही धान्याची देवी आणि तिची कन्या कोरे ह्यांचे देवस्थान होते. इ. स. १९६१ पासून नॅन्सी बुकिडिस व रोनाल्ड स्ट्राउड ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते उकरून काढले.

तेथे मोठे मंदिर असेल अशी आपली अपेक्षा. निघाल्या त्या जेवणाच्या खोल्या! इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीपासून इ. स. पूर्व १४६ पर्यंत तेथे अशा पन्नासाहून अधिक खोल्या बांधल्या गेल्या. खोली लहान. भिंतींच्या कडेने दगडमातीचे ओटे, बहुधा सात किंवा आठ. त्यांवर डाव्या कोपरावर रेलून लोक जेवत. पुष्कळ खोल्यांना लागून न्हाणी होती व स्वयंपाकाची जागाही होती. इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस एका वेळी सुमारे २०० माणसे तेथे जेवू शकत, असा अंदाज आहे.

भिंती पडून नुसता पाया उरला, तरी खोली जेवणाची होती हे कसे ओळखतात? दारावरून. ओटे भिंतीला लावून एकापुढे एक असे बसवायचे, तर दार मधोमध ठेवून चालत नाही. एका बाजूस ओट्याच्या लांबीइतकी जागा सोडावी लागते. म्हणून अशा खोलीचे दार बाजूला सरकलेले असते. ग्रीसमधील कितीतरी देवस्थानांत अशी बाजूला सरकलेली दारे सापडली आहेत.

मातीत मिळाले ते पेले, शिजवण्याची मडकी आणि डुकराच्या पिल्लांची हाडे. दिमितरच्या उपासनेत डुकराचे पिल्लू अर्पण करण्याची रीत होती. त्याखेरीज मातीच्या लहान मूर्ती २० हजारांहून अधिक मिळाल्या. सगळ्यांत माझे मन वेधले ते तळहातावर मावणाऱ्या मातीच्या सुपांनी. होय, आपल्या घरी धान्य पाखडतात तसलेच सूप, आणि त्यात मातीचेच छोटे वडे-पोळ्या मांडलेल्या! धान्याच्या देवीला कोणी गरीब बाईने वाहिलेले ते सूप असेल. दिमितरचा थेस्मोफोरिया नावाचा सण स्त्रियांचा होता. तेव्हा करिंथच्या ह्या पंक्तींतही स्त्रिया बसत असाव्यात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

अथेन्सजवळच्या एर्खिया गावचा इ. स. पूर्व चौथ्या शतकातील एक शिलालेख आहे. त्यात वर्षभराच्या यज्ञांची यादी पाच स्तंभांत कोरली आहे : कोणता दिवस, कोणता देव, कोठे, कोणते जनावर आणि किती किमतीचे. डुकराच्या पिल्लाला ३ द्राख्मा, मेंढीला १०. आणि ठिकठिकाणी सूचना आहे की मांस बाहेर न्यायचे नाही. म्हणजे जेथे यज्ञ, तेथेच बसून खायचे. अशा ठिकाणी जेवण आणि उपासना वेगळी काढता येतच नव्हती.

३. नवसाचे हातपाय

करिंथच्याच उत्तर तटाजवळ अस्क्लेपिओस ह्या आरोग्यदेवतेचे स्थान होते. इ. स. १९२९ नंतरच्या काही वर्षांत तेथे उत्खनन झाले. खड्ड्यांतून मातीचे हात, पाय, कान, डोळे, स्तन असे माणसाच्या अंगाएवढ्या आकाराचे अवयव मोठ्या संख्येने निघाले. बहुतेक इ. स. पूर्व पाचव्या शतकाची अखेर व चौथे शतक ह्या काळातले. बरे वाटले म्हणून, किंवा बरे वाटावे म्हणून वाहिलेले. ही रीत आपल्याला परकी नाही. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हातपाय आजही विकले जातात.

ह्या वस्तू पाहून हसू नये. त्या मातीच्या पायामागे लंगडणारे मूल होते आणि त्या मुलाची आई होती. नवस करणाऱ्याचे दुःख खरे होते. शिक्षकाने वर्गात हे आधी सांगावे, मग पुढचे.

ह्या स्थानाच्या खालच्या अंगणाला लागूनही तीन जेवणाच्या खोल्या आहेत. प्रत्येकीत अकरा बैठका. देवाला भेटायला येणे आणि मित्रांसोबत जेवणे हे एकाच आवारात होत होते. पुढे काळ बदलला आणि त्याच परिसरात ख्रिस्ती लोकांनी आपले मृत पुरले. त्यांच्या कबरी तेथे सापडल्या आहेत.

४. शिक्षकांनी सांभाळायच्या दोन गोष्टी

पहिली. "पौलाने ह्या खोल्या पाहिल्या" असे वर्गात सांगू नये. रोमी सेनापती मुम्मियुसने इ. स. पूर्व १४६ मध्ये करिंथचा नाश केला. युलियुस कैसराने इ. स. पूर्व ४४ मध्ये ते रोमी वसाहत म्हणून पुन्हा वसवले. पौल तेथे आला तो इ. स. ५०-५१ च्या सुमारास. डेल्फी येथील शिलालेखावरून गल्लियोचा अधिकारकाळ ठरतो आणि त्यावरून हे वर्ष निघते (प्रे. कृत्ये १८:१२). तोवर दिमितरच्या आवारातील त्या खोल्या वापरातून गेल्या होत्या. अस्क्लेपिओसच्या खोल्या पौलाच्या काळी चालू होत्या किंवा नाही, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तथापि चाल जिवंत होती, ह्याला दुसरा पुरावा आहे. ईजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंखस येथे पपायरसाचे ढीग सापडले, त्यांत जेवणाची निमंत्रणे आहेत. इ. स. दुसऱ्या शतकातील एका चिठ्ठीत खैरेमोन नावाचा गृहस्थ आपल्या मित्राला प्रभू सरापिसच्या मेजावर, त्याच्या मंदिरात, दुसऱ्या दिवशी नवव्या तासाला जेवायला बोलावतो. देवाचा मेज, आणि तोही "प्रभू" म्हटलेल्या देवाचा! पौलाने दहाव्या अध्यायात दोन मेज एकमेकांसमोर का मांडले, हे ही चिठ्ठी वाचल्यावर समजते.

दुसरी. अक्रोकरिंथावर आफ्रोदितीच्या मंदिरात हजार देवदासी होत्या, असे आपण व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकतो. मीही ते सांगितले आहे. हे विधान भूगोलकार स्ट्राबोचे आहे, आणि तो जुन्या, नाश झालेल्या करिंथच्या वैभवाविषयी लिहीत होता. शिखरावर उत्खननात मिळाला तो एका लहानशा मंदिराचा पाया. पौलाच्या काळच्या नगराविषयी त्यावरून चित्र रंगवणे बरोबर नाही. सत्याची सेवा करणाऱ्याने ऐकीव गोष्टींनी धडा सजवू नये.

५. पौलाने तीन जागा वेगळ्या केल्या

ह्या पार्श्वभूमीवर शास्त्रपाठ वाचला की पौलाची मांडणी स्पष्ट होते. तो मांसाविषयी एकच नियम देत नाही. तो विचारतो, तुम्ही कोठे बसला आहात?

पहिली जागा मंदिराची पंक्ती (८:१०, १०:१४-२२). करिंथमधील काही जाणते लोक म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग तेथे जेवल्याने काय बिघडते? पौल त्यांचे पहिले वाक्य मान्य करतो, निष्कर्ष मान्य करीत नाही. वेदीवरचे खाणारा वेदीचा भागीदार होतो, हे तो इस्राएलाच्या यज्ञावरूनही दाखवतो. वर पाहिलेल्या खोल्या हेच बोलतात. ओट्यावर रेललेला माणूस प्रेक्षक नव्हता. त्याचे जेवण हीच त्याची उपासना होती. दोन्ही मेजांवर बसता येणार नाही, असे पौल बजावतो.

दुसरी जागा बाजार (१०:२५). करिंथमध्ये लॅटिन शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत. त्यांत तेथील मांसबाजाराचा उल्लेख आहे, मासळीबाजाराचाही आहे. बाजारासाठी त्यात जो 'मॅकेल्लुम' शब्द आहे, तोच लॅटिन शब्द पौलाने आपल्या ग्रीक पत्रात वापरला आहे. तेथे विकत घेतलेल्या मांसाची चौकशी करीत बसू नका, असे तो सांगतो. पृथ्वी आणि तिच्यातले सर्व देवाचे आहे.

तिसरी जागा शेजाऱ्याचे घर (१०:२७-२९). बोलावले आणि जावेसे वाटले तर जा, वाढतील ते खा. पण कोणी मुद्दाम सांगितले की हे अर्पण केलेले आहे, तर खाऊ नका. स्वतःसाठी नव्हे, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी. येथे पौलाच्या डोळ्यांपुढे दुबळा बंधू आहे. त्याच्या बुद्धीला धक्का बसत असेल, तर आयुष्यभर मांस न खाण्याची पौलाची तयारी आहे.

माझ्या लक्षात आले की मी त्या मुलीला नियम सांगितला, पण माणूस विसरलो. आमच्या कुटुंबांतून प्रसादाविषयी निरनिराळी चाल आहे, आणि बहुतेक आईबाप मुलांना तो न घेण्यास शिकवतात. तो त्यांचा निर्णय आदराने मानावा. परंतु घेऊ नये हे शिकवताना कसे घेऊ नये हेही शिकवलेच पाहिजे. पुढच्या रविवारी मी तिला म्हणालो, "काकूंना नमस्कार कर. सांग, काकू, तुम्ही आठवणीने दिलंत, पण आमच्यात नैवेद्याचं घेत नाहीत; तुमच्या हातची पेज मात्र मी पुन्हा मागून खाईन." ती हसली. पुढे एकदा ती आईने केलेल्या नाताळच्या करंज्या घेऊन त्यांच्याकडे गेली, आणि काकूंनी त्या घेतल्या. आपली करंजी शेजाऱ्याने घ्यावी अशी आपली इच्छा असते; तर त्याच्या मोदकाला नाक मुरडून कसे चालेल?

६. आपल्या पंक्तीचे अवशेष

येथे थांबता आले असते, पण पौल थांबत नाही. अकराव्या अध्यायात तो विश्वासणाऱ्यांच्याच भोजनाकडे वळतो. तेथे एक उपाशी आहे आणि दुसरा पिऊन मस्त आहे. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवले जात आहे. करिंथकर मंदिराच्या खोलीतून उठून आले होते, पण तेथील रीत त्यांच्याबरोबर आली होती. सात-आठ ओट्यांच्या खोलीत सात-आठच जण मावतात. बाकीचे बाहेर. मूर्तीच्या मेजावरून उठणे एक. प्रभूच्या मेजावर भावाला जागा करून देणे दुसरे, आणि तेच अधिक कठीण.

एका मंडळीच्या वर्धापनदिनाच्या जेवणाला मी उपदेशक म्हणून गेलो होतो. मला पहिल्या पंक्तीत मानाने बसवले. पहाटेपासून चुलीशी बसलेल्या बाया शेवटच्या पंक्तीला बसल्या, तेव्हा पातेल्यात नुसता रस्सा उरला होता. मी त्या दिवशी ह्याच अकराव्या अध्यायावर बोललो होतो! जेवून हात धुताना मला ते दिसले, आणि मी काही बोललो नाही. ती माझी चूक आजही मला सलते.

दोन हजार वर्षांनी कोणी आपल्या मंदिरांचे आणि अंगणांचे उत्खनन केले, तर आपली प्रवचने त्यांच्या हाती लागणार नाहीत. पेले लागतील, चुली लागतील, बसण्याच्या जागा लागतील. त्यावरून ते ठरवतील की हे लोक कोणाच्या मेजावर बसत होते, आणि त्या मेजावर सर्वांना जागा होती की नव्हती. ग्रीक लोकांचा धर्म आपण त्यांच्या हाडामडक्यांवरून वाचला. आपलाही तसाच वाचला जाईल.

प्रभू आपल्याला एका भाकरीचे भागीदार करो.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. ग्रीक यज्ञात देवाच्या वाट्याला काय येई व माणसांच्या वाट्याला काय? हे आपल्याला कोणत्या दोन प्रकारच्या पुराव्यांवरून कळते?

२. मंदिर, बाजार आणि शेजाऱ्याचे घर ह्या तीन जागांविषयी पौल वेगवेगळे उत्तर का देतो?

३. नैवेद्य न घेणाऱ्या मुलाने शेजाऱ्यावरील प्रीती कशी दाखवावी? मुलांकडूनच उदाहरणे काढून घ्या.

४. आपल्या मंडळीच्या पुढच्या जेवणाला शेवटच्या पंक्तीला कोण बसणार आहे? त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो?